ॲलेक गिनेस

सर ॲलेक गिनेस (जन्म : २ एप्रिल १९१४, लंडन, मृत्यू : ५ ऑगस्ट २०००, मिडहर्स्ट, वेस्ट ससेक्स) हे विसाव्या शतकातील एक अग्रगण्य इंग्लिश अभिनेते होते. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत त्यांनी सुमारे साठ वर्षे काम केले. लॉरेन्स ऑलिव्हिए, जॉन गिलगुड आणि राल्फ रिचर्डसन यांच्या पाठोपाठच्या पिढीतील ते प्रमुख नट मानले जातात. शेक्सपिअरच्या नाटकांतून घडलेला हा रंगकर्मी पुढे ईलिंग स्टुडिओच्या विनोदी चित्रपटांमुळे आणि डेव्हिड लीन यांच्या भव्य चित्रपटांमुळे जगभर पोहोचला. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) या चित्रपटातील कर्नल निकल्सनच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब देण्यात आला.

भूमिकेत शिरताना स्वतःची ओळख पूर्णपणे पुसून टाकणे हे गिनेस यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य होते. हे कसब त्यांच्या कीर्तीचे कारण ठरले, तसेच काही वादांचेही. एका चित्रपटात आठ वेगवेगळ्या व्यक्ती साकारणाऱ्या या नटाला नव्या पिढ्यांनी मात्र मुख्यतः एकाच भूमिकेमुळे ओळखले. ती भूमिका 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील ओबी-वान केनोबीची असून, ती त्यांना स्वतःला फारशी प्रिय नव्हती.

## बालपण आणि शिक्षण

गिनेस यांचा जन्म लंडनच्या मेडा व्हेल भागात झाला. त्यांच्या आईचे नाव ॲग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि ती कायम कोरीच राहिली. गिनेस हे आडनाव त्यांना कोणत्या कारणाने मिळाले, हेही निश्चितपणे उलगडले नाही. अँड्र्यू गेडीस नावाचे एक स्कॉटिश बँकर त्यांच्या शिक्षणाचा खर्च करत असत. तेच आपले वडील असावेत, अशी गिनेस यांची समजूत होती. आईने पुढे एका सैनिकी अधिकाऱ्याशी विवाह केला, पण तो संसार सुमारे तीन वर्षांतच मोडला. आईबरोबर भाड्याच्या खोल्या आणि लहान हॉटेले बदलत राहणे, देणी थकली की मुक्काम हलवणे असे अस्थिर बालपण त्यांच्या वाट्याला आले. आपल्या जन्माविषयीच्या या संदिग्धतेबद्दल त्यांनी उतारवयात आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे.

त्यांचे शालेय शिक्षण साउथबोर्न आणि ईस्टबोर्न येथील निवासी शाळांत झाले. शाळेत असतानाच त्यांना नाटकाची ओढ लागली. शिक्षण संपल्यावर त्यांनी लंडनमधील एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याची नोकरी धरली. त्याच काळात ते अभिनेत्री मार्टिटा हंट यांच्याकडे अभिनयाचे धडे घेऊ लागले. काही शिकवण्यांनंतर हंट यांनी 'तुम्ही नट होऊ शकणार नाही' असा स्पष्ट अभिप्राय दिला होता. तरीही प्रयत्न न सोडता त्यांनी फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवली. शाळेच्या वार्षिक प्रयोगात त्यांना पारितोषिक मिळाले. परीक्षकांमध्ये जॉन गिलगुड होते.

## रंगभूमीवरील पदार्पण

२ एप्रिल १९३४ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, गिनेस 'लायबल!' या नाटकात व्यावसायिक रंगभूमीवर प्रथम उभे राहिले. या भूमिकेत त्यांना एकही वाक्य नव्हते. त्याच वर्षी गिलगुड यांनी न्यू थिएटरमधील आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्यांना ऑस्रिक या दरबाऱ्याची भूमिका दिली. गिलगुड यांचे हे ऋण गिनेस यांनी जन्मभर मानले. तरुणपणी त्यांच्या अभिनयावरही गिलगुड यांचा ठसा होता आणि त्यातून बाहेर पडून स्वतःची वाट शोधायला त्यांना काही वर्षे लागली.

१९३६ मध्ये ते टायरोन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखालील ओल्ड व्हिक नाट्यसंस्थेत दाखल झाले. तेथे ऑलिव्हिए यांच्यासोबत त्यांनी 'ट्वेल्थ नाइट'मध्ये सर अँड्र्यू एग्यूचीक ही विनोदी भूमिका केली. १९३७–३८ मध्ये गिलगुड यांच्या क्वीन्स थिएटरमधील मंडळीत ते होते. १९३८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, गथ्री यांनी त्यांना हॅम्लेटची मुख्य भूमिका दिली. हा प्रयोग आधुनिक पोशाखात आणि संपूर्ण संहितेनिशी सादर झाला. गिनेस यांचा हॅम्लेट आवाज न चढवणारा, अंतर्मुख असा होता. हीच संयत शैली पुढे त्यांची ओळख बनली.

१९३९ मध्ये त्यांनी चार्ल्स डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीचे नाट्यरूपांतर केले आणि त्यात हर्बर्ट पॉकेटची भूमिका स्वतः साकारली. मिस हॅविशॅमच्या भूमिकेत होत्या त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिका मार्टिटा हंट. हा प्रयोग पाहायला आलेल्या प्रेक्षकांत डेव्हिड लीन होते. त्यावेळी ते चित्रपट-संकलक म्हणून काम करत होते.

## युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात गिनेस १९४१ मध्ये शाही नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलात साधे खलाशी म्हणून भरती झाले. पुढील वर्षी त्यांना अधिकारीपद मिळाले. सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी एक नौका ताब्यात घेण्यासाठी त्यांना अमेरिकेत पाठवण्यात आले. तेथील मुक्कामात नौदलाच्या परवानगीने त्यांनी न्यू यॉर्कमध्ये टेरेन्स रॅटिगन यांच्या 'फ्लेअर पाथ' या युद्धविषयक नाटकात काम केले.

जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरील चढाईत त्यांच्या नौकेने भाग घेतला. चढाईची वेळ एक तास पुढे ढकलल्याचा संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही आणि त्यांची नौका इतरांच्या आधी किनाऱ्याला लागली. नाटकाचा पडदा तासभर उशिरा उघडला तर प्रेक्षक खपवून घेत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर आपण जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याला दिले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ वादळात त्यांची नौका नष्ट झाली. युद्धातील अनुभवांचा फारसा गाजावाजा त्यांनी कधी केला नाही. सैनिकी व्यक्तिरेखा रंगवताना मात्र हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

## डिकन्स आणि डेव्हिड लीन

युद्धानंतर दिग्दर्शक झालेल्या लीन यांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६) हा चित्रपट काढला. १९३९ चा प्रयोग त्यांच्या स्मरणात होता. हर्बर्ट पॉकेटची भूमिका त्यांनी गिनेस यांनाच दिली आणि मिस हॅविशॅमच्या भूमिकेसाठी हंट यांची निवड केली. १९३४ मध्ये एका चित्रपटात गर्दीतील किरकोळ काम सोडल्यास गिनेस यांची ही पहिलीच चित्रपट-भूमिका होती.

त्यानंतरच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) मध्ये फेगिनची भूमिका आपल्याला मिळावी, अशी इच्छा गिनेस यांनी व्यक्त केली. चोरट्या मुलांचा म्हातारा म्होरक्या तिशीतला हा सौम्य तरुण कसा रंगवणार, अशी शंका लीन यांना होती. गिनेस यांनी रंगभूषेसह चाचणी घेण्याचा आग्रह धरला आणि चाचणी पाहून लीन यांनी होकार दिला. मूळ कादंबरीसाठी जॉर्ज क्रुइकशँक यांनी काढलेल्या चित्रांवरून रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी ही रंगभूषा तयार केली होती.

ब्रिटनमध्ये या भूमिकेचे कौतुक झाले. मात्र तिच्यातील लांब, बाकदार नाक आणि एकूण रूप ज्यू समाजाचे विद्रूप चित्रण करणारे आहे, असा तीव्र आक्षेप घेतला गेला. नाझींच्या राजवटीत झालेल्या ज्यूंच्या संहाराला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली. अमेरिकेत त्याचे प्रदर्शन रोखले गेले आणि फेगिनची काही दृश्ये कापल्यानंतर १९५१ मध्ये तो तेथे दाखवण्यात आला. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील चित्र हुबेहूब पडद्यावर उतरवताना त्यातील पूर्वग्रहही उतरतो, हा प्रश्न या वादाने पुढे आणला.

लीन यांच्या एकूण सहा चित्रपटांत गिनेस यांनी भूमिका केल्या. वरील दोहोंखेरीज 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७), 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२), 'डॉक्टर झिवागो' (१९६५) आणि 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) हे ते चित्रपट होत. परस्परांविषयी आदर असूनही दोघांमध्ये अनेकदा खटके उडत.

## ईलिंगचे विनोदी चित्रपट

पश्चिम लंडनमधील ईलिंग स्टुडिओने युद्धोत्तर काळात तिरकस, शांतपणे बोचणाऱ्या विनोदाचे चित्रपट काढले. रेशनिंगच्या आणि टंचाईच्या त्या दिवसांत सत्ता, संपत्ती आणि शिष्टाचार यांची थट्टा करणारे हे चित्रपट लोकप्रिय झाले. गिनेस हे या परंपरेचा प्रमुख चेहरा होते.

रॉबर्ट हेमर दिग्दर्शित 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) मध्ये उमराव घराण्याने आईला वाळीत टाकल्याचा सूड म्हणून एक तरुण ड्यूकपदाच्या मार्गातील नातेवाइकांना एकेक करून संपवत जातो. या डॅस्कॉइन घराण्यातील चार व्यक्तींच्या भूमिका गिनेस यांना देऊ केल्या होत्या, तेव्हा त्यांनी आठही मागितल्या. ड्यूक, बँकर, धर्मोपदेशक, सेनापती, नौदलप्रमुख, घराण्यातील दोन तरुण आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लेडी अगाथा अशा या आठ व्यक्तिरेखा आहेत. प्रत्येकीला त्यांनी वेगळी चाल, वेगळा आवाज आणि वेगळा स्वभाव दिला. चर्चमधील एका दृश्यात यांपैकी सहा जण एकाच चौकटीत दिसतात. त्यासाठी छायाचित्रकार डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा जागचा न हलवता तीच फिल्म पुन्हापुन्हा मागे फिरवून चौकटीचा एकेक भाग चित्रित केला. संगणकीय तंत्र नसलेल्या काळातील हे दृश्य आजही चित्रपटाच्या अभ्यासक्रमांत उदाहरण म्हणून दिले जाते.

चार्ल्स क्रिक्टन दिग्दर्शित 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) मध्ये त्यांनी हेन्री हॉलंड हा बँकेतील नेकीचा कारकून साकारला. वर्षानुवर्षे सोन्याच्या विटांच्या वाहतुकीवर देखरेख करणारा हा माणूस अखेर त्या विटाच पळवतो आणि त्या वितळवून आयफेल टॉवरच्या लहान प्रतिकृतींच्या रूपात देशाबाहेर पाठवतो. या भूमिकेसाठी गिनेस यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले. अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांच्या 'द मॅन इन द व्हाइट सूट' (१९५१) मध्ये ते कधीही न मळणारे आणि न विरणारे कापड शोधून काढणारे संशोधक आहेत. या शोधामुळे गिरणीमालक आणि कामगार दोघेही हवालदिल होऊन एक होतात. मॅकेन्ड्रिक यांच्याच 'द लेडीकिलर्स' (१९५५) मध्ये एका वृद्ध बाईच्या घरात भाडेकरू म्हणून राहणाऱ्या दरोडेखोरांचा म्होरक्या, प्राध्यापक मार्कस, त्यांनी मोठे कृत्रिम दात लावून रंगवला. याच चित्रपटात तरुण पीटर सेलर्स त्यांच्यासोबत होते.

## 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'

पिअर बूल यांच्या फ्रेंच कादंबरीवर आधारित या चित्रपटात जपान्यांच्या छावणीतील ब्रिटिश युद्धकैद्यांचे नेतृत्व करणाऱ्या कर्नल निकल्सनची कथा आहे. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही, हा नियम मोडण्यास तो नकार देतो आणि त्यासाठी पत्र्याच्या कोंडवाड्यातील शिक्षा सोसतो. पुढे मात्र आपल्या माणसांची शिस्त आणि अभिमान टिकवण्याच्या भरात तो शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देतो. धैर्य आणि आंधळेपणा एकाच माणसात एकाच वेळी कसे नांदतात, हे या भूमिकेचे मर्म आहे.

गिनेस यांनी ही भूमिका प्रथम नाकारली होती. निर्माते सॅम स्पीगल यांनी त्यांचे मन वळवले. चित्रीकरण त्यावेळच्या सिलोनमध्ये (आताचे श्रीलंका) कितुलगल येथे केलनी नदीच्या काठी झाले. निकल्सनविषयी प्रेक्षकाला काय वाटले पाहिजे, यावरून लीन आणि गिनेस यांच्यात तीव्र मतभेद झाले. कोंडवाड्यातून बाहेर काढल्यावर निकल्सन ताठ राहण्याची धडपड करत, पाय ओढत चालत जातो. हे दृश्य गिनेस आपल्या उत्तम कामांपैकी एक मानत. ही चाल त्यांनी आपला मुलगा मॅथ्यू याच्या चालण्यावरून घेतली होती. मॅथ्यूला लहानपणी पोलिओ झाला होता आणि बरा होत असताना तो तसा चालत असे.

चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले. त्यांतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार गिनेस यांचा होता. याच भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा आणि गोल्डन ग्लोब पुरस्कारही मिळाले.

## १९५८ ते १९७६

जॉइस कॅरी यांच्या कादंबरीवरील 'द हॉर्सेस माउथ' (१९५८) या चित्रपटाची पटकथा गिनेस यांनी स्वतः लिहिली आणि गली जिम्सन या कलंदर चित्रकाराची भूमिकाही केली. पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि अभिनयासाठी व्हेनिस महोत्सवात त्यांना व्होल्पी चषक देण्यात आला. रोनाल्ड नीम यांच्याच 'ट्यून्स ऑफ ग्लोरी' (१९६०) मध्ये त्यांनी शिपायापासून वर चढलेला, दारूबाज आणि दांडगा स्कॉटिश अधिकारी जॉक सिंक्लेअर उभा केला. निकल्सनच्या अगदी उलट प्रकृतीची ही भूमिका अनेक समीक्षकांच्या मते त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी आहे.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये त्यांनी अमीर फैसल, 'डॉक्टर झिवागो'मध्ये नायकाचा सावत्र भाऊ येवग्राफ, 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' (१९६४) मध्ये सम्राट मार्कस ऑरेलियस, तर 'क्रॉमवेल' (१९७०) मध्ये राजा पहिला चार्ल्स साकारला. 'हिटलर : द लास्ट टेन डेज' (१९७३) या चित्रपटात ते हिटलरच्या भूमिकेत होते.

## रंगभूमीवरील नंतरची कामे

चित्रपटांत यश मिळाल्यानंतरही गिनेस रंगभूमीपासून दूर गेले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी दोस्तोयेव्स्की यांच्या 'द ब्रदर्स करमाझोव्ह'चे नाट्यरूपांतर केले. त्याचे दिग्दर्शन पीटर ब्रुक यांनी केले होते. त्याच वर्षी ऑलिव्हिए यांच्या 'किंग लिअर'मध्ये त्यांनी विदूषकाची भूमिका केली. १९४९ च्या एडिंबरा महोत्सवात टी. एस. एलियट यांच्या 'द कॉकटेल पार्टी' या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात ते प्रमुख भूमिकेत होते आणि पुढील वर्षी हेच नाटक त्यांनी न्यू यॉर्कमध्ये केले.

१९५१ मध्ये स्वतः सहदिग्दर्शित केलेला त्यांचा दुसरा 'हॅम्लेट' मात्र सपशेल पडला. पहिल्या रात्री प्रकाशयोजनेचा गोंधळ झाला आणि समीक्षकांनी कठोर टीका केली. या अपयशाचा सल त्यांना दीर्घकाळ राहिला. १९५३ मध्ये कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथे गथ्री यांच्या दिग्दर्शनाखालील शेक्सपिअर महोत्सवाचा आरंभ एका मोठ्या तंबूत झाला. त्याच्या पहिल्याच नाटकात गिनेस तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत होते.

रॅटिगन यांच्या 'रॉस' (१९६०) मध्ये त्यांनी टी. ई. लॉरेन्सची भूमिका केली. दोनच वर्षांनी लॉरेन्सवरील चित्रपटात ते त्याच्या समोरच्या फैसलच्या भूमिकेत दिसले. कवी डिलन टॉमस यांच्या अखेरच्या दिवसांवरील 'डिलन' (१९६४) या ब्रॉडवेवरील नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये सिमोन सिन्योरे यांच्यासोबत केलेल्या 'मॅकबेथ'चे स्वागत थंडपणे झाले. ॲलन बेनेट यांची 'हेबियस कॉर्पस' (१९७३) आणि 'द ओल्ड कंट्री' (१९७७) ही नाटके त्यांनी गाजवली. १९८४ मध्ये चिचेस्टर येथे त्यांनी शायलॉक साकारला. शस्त्रकपातीच्या वाटाघाटींवरील 'अ वॉक इन द वुड्स' (१९८८) हे त्यांचे अखेरचे नाटक ठरले.

## 'स्टार वॉर्स'

जॉर्ज लुकस यांच्या 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये ओबी-वान केनोबी या वृद्ध योद्ध्याची भूमिका गिनेस यांनी स्वीकारली, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. संवाद त्यांना सुमार वाटत आणि तसे त्यांनी चित्रीकरणाच्या काळात मित्रांना लिहिलेल्या पत्रांत नोंदवले आहे. तरीही सेटवर त्यांनी काटेकोर व्यावसायिक वर्तन ठेवले. त्यांच्या उपस्थितीने एका काल्पनिक विश्वाला गांभीर्य लाभले, असे सहकलाकारांनी सांगितले आहे. या चित्रपटाच्या रंगभूषा विभागाचे प्रमुख होते स्टुअर्ट फ्रीबॉर्न, म्हणजे तीस वर्षांपूर्वी गिनेस यांचा फेगिन घडवणारे रंगभूषाकार.

मानधनाऐवजी केवळ ठराविक रकमेवर न थांबता त्यांनी उत्पन्नातील हिस्सा घेण्याचे मान्य केले होते. चित्रपटाच्या अभूतपूर्व यशामुळे त्यांना उर्वरित आयुष्यभर आर्थिक स्थैर्य मिळाले. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. पुढील दोन भागांत त्यांनी छोट्या भूमिका केल्या. मात्र या भूमिकेभोवतीची भक्ती त्यांना अस्वस्थ करत असे. हा चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिलेल्या एका मुलाला त्यांनी तो पुन्हा न पाहण्याचे वचन मागितले होते. ही घटना त्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात सांगितली आहे. कल्पनेच्या जगात मुले कायमची अडकून पडतील, अशी त्यांना काळजी वाटत असे.

## जॉर्ज स्मायली

जॉन ल कारे यांच्या कादंबऱ्यांवर बीबीसीने काढलेल्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७९) आणि 'स्मायलीज पीपल' (१९८२) या मालिकांत गिनेस यांनी गुप्तहेर जॉर्ज स्मायली साकारला. पाठलाग आणि मारामाऱ्या यांऐवजी ऐकणे, आठवणे आणि थांबणे यांतून सत्य शोधणारा हा निवृत्त अधिकारी आहे. चष्मा पुसणे, क्षणभर गप्प राहणे, नजर वळवणे एवढ्याच साधनांनी गिनेस यांनी त्याचे एकाकीपण आणि चिकाटी दाखवली. तयारीसाठी त्यांनी ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांची ल कारे यांच्यामार्फत भेट घेऊन त्यांच्या लकबींचे निरीक्षण केले होते. दोन्ही मालिकांसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाले.

## 'अ पॅसेज टू इंडिया' आणि गोडबोले यांची भूमिका

ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या कादंबरीत प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मणाचे पात्र आहे. फॉर्स्टर काही काळ देवास या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. तेथील अनुभवांचे पडसाद कादंबरीच्या शेवटच्या भागातील जन्माष्टमीच्या उत्सवात उमटले आहेत आणि त्या उत्सवातील भजनात तुकारामांचे नावही येते. मराठी वाचकाला परिचित असलेले हे पात्र लीन यांच्या चित्रपटात (१९८४) गिनेस यांनी रंगवले. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी आणि रोशन सेठ हे भारतीय कलाकार याच चित्रपटात महत्त्वाच्या भूमिकांत असताना एका मराठी माणसाची भूमिका चेहरा सावळा रंगवलेल्या इंग्लिश नटाला द्यावी, यावर टीका झाली. गोडबोले यांच्या नृत्याचे दृश्य चित्रित झाले होते, परंतु अंतिम संकलनात ते वगळले गेले. त्यामुळे पात्राचा आध्यात्मिक गाभा कमी झाला आणि त्याचा विक्षिप्तपणा तेवढा उरला. गिनेस स्वतःही या भूमिकेविषयी असमाधानी होते आणि लीन यांच्याबरोबरचे हे त्यांचे शेवटचे काम ठरले.

फैसल, 'अ मेजॉरिटी ऑफ वन' (१९६१) मधील जपानी उद्योगपती आणि गोडबोले या भूमिका आज त्या काळाच्या रूढीचा नमुना म्हणून पाहिल्या जातात. कोणीही होऊ शकणे ही नटाची शक्ती, पण ज्यांचे चित्रण होते त्यांनाच पडद्यावर जागा मिळत नसेल तर तिला मर्यादा पडतात, या चर्चेत गिनेस यांचे उदाहरण अनेकदा दिले जाते.

## अभिनयशैली

गिनेस व्यक्तिरेखेचा शोध बहुधा बाहेरून सुरू करत. पात्र कसे चालते हे सापडल्याशिवाय ते आपल्याला गवसले असे त्यांना वाटत नसे. एकदा बाह्यरूप निश्चित झाले की ते हालचाली कमी करत नेत आणि प्रेक्षकाला पात्राच्या मनात डोकावण्यास भाग पाडत. त्यांचा चेहरा विशेष लक्षात राहणारा नव्हता आणि रस्त्यावर लोक त्यांना सहसा ओळखत नसत. ही उणीव त्यांनी भांडवल म्हणून वापरली. १९५३ मध्येच समीक्षक केनेथ टायनन यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. वडिलांचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या ओळखी धारण करण्यात आयुष्य घालवावे, यातील नाते अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

## वैयक्तिक जीवन

१९३८ मध्ये गिनेस यांनी अभिनेत्री, लेखिका आणि चित्रकार मेरुला सालामन यांच्याशी विवाह केला. हे सहजीवन ६२ वर्षे टिकले. त्यांचा मुलगा मॅथ्यू (जन्म १९४०) हाही पुढे अभिनेता झाला. हँपशायरमधील पीटर्सफील्डजवळच्या घरात हे कुटुंब शांतपणे, प्रसिद्धीपासून दूर राहत असे.

'फादर ब्राउन' (१९५४) या चित्रपटात गिनेस कॅथलिक धर्मगुरूच्या भूमिकेत होते. फ्रान्समध्ये चित्रीकरण चालू असताना एका संध्याकाळी ते धर्मगुरूच्या पोशाखातच मुक्कामाकडे निघाले होते. एका अनोळखी लहान मुलाने त्यांना खरे धर्मगुरू समजून विश्वासाने त्यांचा हात धरला आणि तो बडबडत त्यांच्यासोबत चालत राहिला. या प्रसंगाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मॅथ्यूच्या आजारपणात ते एका कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसत. १९५६ मध्ये त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढील वर्षी, ते सिलोनमध्ये चित्रीकरणात असताना, मेरुला यांनीही तोच निर्णय घेतला.

## लेखन

'ब्लेसिंग्ज इन डिस्गाइज' (१९८५) या आत्मकथनात त्यांनी स्वतःपेक्षा आपल्या आयुष्यात आलेल्या माणसांविषयी अधिक लिहिले आहे. 'माय नेम एस्केप्स मी' (१९९६) आणि 'अ पॉझिटिव्हली फायनल अपिअरन्स' (१९९९) ही दैनंदिनीच्या स्वरूपातील पुस्तके आहेत. पीअर्स पॉल रीड यांनी लिहिलेले त्यांचे अधिकृत चरित्र २००३ मध्ये प्रकाशित झाले.

## अखेरची वर्षे आणि मृत्यू

'लिटल डॉरिट' (१९८७) मधील, कर्जापायी तुरुंगात पडलेल्या विल्यम डॉरिटच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे शेवटचे नामांकन मिळाले. डिकन्सपासून सुरू झालेला त्यांचा चित्रपटप्रवास अशा प्रकारे पुन्हा डिकन्सपाशी आला. नव्वदच्या दशकात त्यांनी मोजकीच कामे केली. ५ ऑगस्ट २००० रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरमध्ये मेरुला यांचेही निधन झाले. दोघांचे दफन पीटर्सफील्ड येथे करण्यात आले.

## प्रमुख सन्मान

* १९५५ – सीबीई
* १९५८ – ऑस्कर, सर्वोत्कृष्ट अभिनेता ('द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय')
* १९५८ – व्होल्पी चषक, व्हेनिस ('द हॉर्सेस माउथ')
* १९५९ – 'सर' किताब
* १९६४ – टोनी पुरस्कार ('डिलन')
* १९८० – सन्माननीय ऑस्कर
* १९८८ – सन्माननीय सुवर्ण अस्वल, बर्लिन
* १९८९ – बाफ्टा फेलोशिप
* १९९४ – कम्पॅनियन ऑफ ऑनर